फुकट दिलेल्या वस्तूवर हक्क कोणाचा?

छापखाने येण्यापूर्वी आपल्याकडे पोथ्या हाताने उतरवून घेतल्या जात. उतरवणारा कधी भाविक असे, कधी घाईत असे, तर कधी स्वतःच कवी असे. मग एखादी ओळ गळे, एखादा शब्द बदले आणि क्वचित लिपिकाराची स्वतःची ओवी मूळ ग्रंथात जाऊन बसे. ज्ञानेश्वरीचेही असेच झाले होते. म्हणून शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी तिचा पाठ शुद्ध केला आणि पुढे कोणी तीत आपल्या पदरची भर घालू नये अशी ताकीदही दिली. मराठीच्या विद्यार्थ्याला ही हकीगत तोंडपाठ असते. परंतु तिच्यामागचा प्रश्न आपण क्वचितच स्वतःला विचारतो. ग्रंथ सर्वांसाठी असेल, तर त्यात बदल करण्याचा अधिकार कोणाचा? आणि बदललेला ग्रंथ मूळ कर्त्याच्या नावाने ओळखावा की नाही?

हाच प्रश्न गेली काही दशके एका अगदी निराळ्या क्षेत्रात, संगणकाच्या आज्ञावल्यांच्या क्षेत्रात, मोठ्या हिरिरीने लढवला जात आहे. माझी त्याच्याशी ओळख एका साध्या प्रसंगाने झाली. काही वर्षांपूर्वी एका परिचितांच्या घरी त्यांच्या जुन्या संगणकावर इंटरनेट पाहायला बसलो, तर नेहमीचे ‘फायरफॉक्स’ कोठे सापडेना. त्याच्या जागी ‘आइसवीझल’ नावाचे काहीतरी होते. मी विचारले तेव्हा ते हसून म्हणाले, “अहो, हाच तो. फक्त नाव बदललंय.” उघडून पाहिले तर खरोखरच तोच होता. मग नाव का बदलले? या एका ‘का’ चा पाठपुरावा करताना जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

परवाना म्हणजे काय?

प्रथम थोडी पूर्वपीठिका. प्रोग्रॅमर जी आज्ञावली लिहितो, तिचा माणसाला वाचता येईल असा जो मजकूर असतो त्याला आपण मूळ संहिता म्हणू. कायद्याच्या दृष्टीने ही संहिता कादंबरीसारखीच आहे. लिहिणाऱ्याचा तिच्यावर आपोआप स्वामित्वहक्क असतो. बहुतेक व्यापारी कंपन्या ही संहिता कुलूपबंद ठेवतात. १९८३ मध्ये अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी याविरुद्ध बंड पुकारले. आज्ञावली वाचता यावी, बदलता यावी, दुसऱ्याला देता यावी, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी त्यांनी कायदा मोडला नाही; उलट कायद्यालाच कामाला लावले. १९८९ मध्ये त्यांनी एक परवाना प्रसिद्ध केला आणि १९९१ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती काढली. तोच ‘जीपीएल’ परवाना. त्याचे सार असे : ही संहिता घ्या, बदला, वाटा, मात्र वाटताना घेणाऱ्यालाही हेच सर्व हक्क द्या आणि संपूर्ण संहिता त्याच्या हाती ठेवा.

म्हणजे ‘मुक्त’ आज्ञावली ही बेवारशी नसते. तिला मालक असतो. त्याने काही अटींवर आपले दार उघडे ठेवलेले असते, इतकेच. असे परवाने एक नव्हे, अनेक आहेत. काही अगदी सैल, काही कडक. शिवाय सगळेच परवाने एकमेकांशी जुळत नाहीत. दोन सोवळी माणसे आपापल्या जागी कितीही सज्जन असली तरी एका पंक्तीला बसत नाहीत, तशातलाच हा प्रकार.

मधला माणूस

आता यात दुसरे पात्र येते. लेखकाने संहिता लिहिली म्हणून ती आपल्या संगणकावर आपोआप चालत नाही. ती यंत्राच्या भाषेत उतरवावी लागते, इतर शेकडो आज्ञावल्यांशी तिचे जमवून घ्यावे लागते, दोष निघाल्यास दुरुस्त करावी लागते. हे सारे करून तयार गाठोडे हाती देणारा जो असतो, तो पॅकेज सांभाळणारा. लिनक्सची जी निरनिराळी वितरणे आहेत, त्यांपैकी ‘डेबियन’ हे एक जुने आणि मोठे. इयन मर्डॉक यांनी ते १९९३ मध्ये सुरू केले. २०२३ मध्ये निघालेल्या त्याच्या आवृत्तीत साठ हजारांहून अधिक पॅकेजे होती. ती सांभाळणारी माणसे बहुतांशी स्वयंसेवक आहेत. दिवसा नोकरी करायची आणि रात्री या कामाला बसायचे, हा त्यांच्यातील अनेकांचा क्रम. आपली मराठी भाषाही या वितरणाच्या उभारणीच्या पहिल्या पडद्यावर निवडता येते, तीही अशाच कोणाकोणाच्या फुकट कष्टांमुळे.

डेबियनने १९९७ मध्ये स्वतःसाठी काही नियम घालून घेतले. आज्ञावलीत बदल करण्याची आणि बदललेली प्रत वाटण्याची मुभा परवान्यात असलीच पाहिजे, हा त्यांतील एक. मिळालेली मुभा केवळ डेबियनपुरती नसावी, ती डेबियनकडून घेणाऱ्या प्रत्येकाला मिळावी, हा दुसरा. आणि तिसरा फार मार्मिक आहे : बदललेल्या प्रतीला निराळे नाव द्या, अशी अट लेखकाला घालता येईल. पुढे १९९८ मध्ये ‘ओपन सोर्स’ या शब्दाची जी व्याख्या ठरली, तिचा पाया हेच नियम होते.

सांभाळणाऱ्याची आणखी एक सवय ध्यानात घेतली पाहिजे. डेबियनची ‘स्थिर’ आवृत्ती एकदा निघाली की तीत नव्या सोयी घालायच्या नाहीत. केवळ सुरक्षिततेचे दोष तेवढे दुरुस्त करायचे, असा शिरस्ता. रुग्णालये, विद्यापीठे, कचेऱ्या यांना रोज बदलणारे यंत्र नको असते, म्हणून हा शिरस्ता योग्यच आहे. पण लेखकाचे काय? तो तर रोज पुढे जात असतो. त्याने दोन वर्षांपूर्वी टाकून दिलेली प्रत हजारो लोक वापरतात आणि तीत काही बिघडले की तक्रार मात्र त्याच्याच दारी येते. भांडणाचे बी येथे आहे.

नावाचे भांडण

आता आइसवीझलकडे वळू. फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती नोव्हेंबर २००४ मध्ये आली. तिची संहिता मुक्त होती. पण ‘फायरफॉक्स’ हे नाव हा मोझिला संस्थेचा व्यापारचिन्हाचा हक्क होता, आणि तो पृथ्वीला वेढून बसलेला कोल्हा ज्या चित्रात आहे, ते चित्र मुक्त परवान्याखाली नव्हते. डेबियनच्या नियमात ते चित्र बसेना. म्हणून त्यांनी नाव ठेवले आणि चित्र काढून टाकले. प्रारंभी मोझिलाशी बोलणी होऊन हे चालूनही गेले.

२००६ च्या आरंभी मोझिलाने भूमिका बदलली. नाव वापरायचे असेल तर चित्रही वापरा. आणि संहितेत जे बदल कराल ते आधी आम्हांला दाखवून संमती घ्या, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यात गैर काही नव्हते. कोणीही फायरफॉक्सची मोडतोड करून त्याच नावाने खपवू लागला, तर लोकांचा विश्वास कशावर राहावा? व्यापारचिन्हाचा कायदा ग्राहकाची फसवणूक टाळण्यासाठीच आहे. पण डेबियनचीही बाजू होती. सुरक्षिततेची दुरुस्ती रातोरात करावी लागते. ती करायला दर वेळी परवानगी मागत बसायचे काय? आणि उद्या मोझिलाने आम्हांला परवानगी दिली, तरी आमच्याकडून प्रत घेऊन ती बदलणाऱ्या तिसऱ्या माणसाला ती मिळणार नाही. म्हणजे जे आम्ही त्याला देतो म्हणून सांगतो, ते खरोखर देत नाही, असे होईल.

दोन्ही बाजू खऱ्या होत्या, आणि तोड निघाली ती नाव बदलूनच. एप्रिल २००७ मध्ये निघालेल्या डेबियनच्या आवृत्तीत फायरफॉक्सचे आइसवीझल झाले होते, तर थंडरबर्ड या टपालाच्या आज्ञावलीचे आइसडव्ह. ‘बदललेल्या प्रतीला निराळे नाव’ हा जो नियम डेबियनने स्वतःच मान्य केला होता, तोच त्यांना पाळावा लागला.

या गोष्टीचा शेवट मात्र गोड आहे. मधल्या काळात चित्राचा परवाना सैल झाला. फायरफॉक्सची दीर्घकाळ टिकणारी एक निराळी शाखा मोझिलाने काढली आणि २०१३ पासून डेबियनही आपल्या स्थिर आवृत्तीत त्या शाखेच्या मागोमाग जाऊ लागले. कारण जुन्या प्रतीला नव्या दुरुस्त्यांची ठिगळे लावणे त्यांच्याच्याने होईना. २०१६ मध्ये डेबियनचे बदल गुणवत्तेला बाधा आणीत नाहीत हे मोझिलाकडूनही मान्य झाले आणि फायरफॉक्स आपल्या नावानिशी डेबियनमध्ये परतले. दहा वर्षे लागली. पण वैर राहिले नाही.

परवान्याचे भांडण

दुसरी हकीगत इतकी सुखान्त नाही. सीडीवर मजकूर कोरण्यासाठी बर्लिनचे यर्ग शिलिंग यांनी ‘सीडीरेकॉर्ड’ ही आज्ञावली लिहिली होती. १९९६ पासून ते ती वाढवीत आले होते. सीडीच्या जमान्यात लिनक्स वापरणारा जवळजवळ प्रत्येक जण कळत नकळत तिच्यावर विसंबून असे. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांच्या खोडी ओळखून त्यांच्याशी जमवून घेणे हे किचकट काम, आणि शिलिंग यांचा त्यात हातखंडा होता.

२००६ मध्ये त्यांनी आपल्या संचातील बराच भाग ‘जीपीएल’ मधून काढून ‘सीडीडीएल’ या परवान्याखाली नेला. हा परवाना सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने तयार केलेला; तोही मुक्तच. परंतु संचातील सीडीसाठी फाइलींची मांडणी करून देणारा ‘एमकेआयएसओएफएस’ हा भाग पूर्णपणे शिलिंग यांचा नव्हता. त्याचा आरंभ दुसऱ्यांनी केला होता आणि तो ‘जीपीएल’ खाली होता. दुसऱ्याच्या संहितेचा परवाना त्याच्या संमतीवाचून कोणालाच बदलता येत नाही. आता ‘जीपीएल’ म्हणतो : तयार वस्तू वाटायची तर संपूर्ण संहिता, ती बांधण्याच्या सूचनांसकट, याच अटींवर द्या. आणि त्या सूचना तर आता ‘सीडीडीएल’ खाली गेलेल्या! डेबियनचे लोक म्हणाले, हे दोन परवाने एका वस्तूत आम्हांला एकत्र वाटता येत नाहीत. वाटले तर मूळ लेखकांचा हक्क आम्ही मोडतो. शिलिंग म्हणाले, बांधणीच्या सूचना ही स्वतंत्र कृती आहे. ती द्या एवढेच ‘जीपीएल’ सांगतो, ती ‘जीपीएल’ खालीच असावी असे सांगत नाही.

कायद्याच्या विद्यार्थ्याला येथे बोलण्यासारखे पुष्कळ आहे. दोन्ही अर्थांना काही ना काही आधार आहे आणि हा वाद न्यायालयात जाऊन निवाडा झाला, असेही कधी घडले नाही. पण स्वयंसेवकाची अडचण पाहा. त्याच्याजवळ वकील नाही, पैसा नाही. चूक झाली तर जबाबदारी त्याची. अशा माणसाने सावध अर्थ स्वीकारला तर त्याला दोष कसा द्यावा?

सप्टेंबर २००६ मध्ये डेबियनने मागे वळून, परवाना बदलण्यापूर्वीची प्रत उचलली आणि ‘सीडीआरकिट’ नावाने वेगळी चूल मांडली. ‘सीडीरेकॉर्ड’ चे नाव ‘वोडिम’ झाले. इतर वितरणांनीही तिचा स्वीकार केला. शिलिंग अतिशय संतापले. या फुटीर प्रतीत दोष आहेत आणि ती बेकायदेशीर आहे, असे ते पुढे वर्षानुवर्षे सांगत राहिले. कटुता इतकी वाढली की दोन्हीकडच्या लेखनात तंत्राचे मुद्दे कमी आणि उखाळ्यापाखाळ्या अधिक दिसू लागल्या.

नुकसान कोणाचे झाले? फुटीर प्रत काढणाऱ्यांना परवाना कळत होता. पण यंत्रांच्या खोडी शिलिंग यांच्याइतक्या कळत नव्हत्या. ‘सीडीआरकिट’ ची शेवटची आवृत्ती २०१० मध्ये निघाली आणि तिची वाढ तेथेच खुंटली. म्हणजे ज्याला ज्ञान होते त्याची प्रत लोकांपर्यंत पोचेना, आणि जी पोचत होती तिला जाणता वाली उरला नाही. पुढे सीडीच मागे पडली. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये शिलिंग वारले. तोवर समेट झाला नव्हता.

कायद्यापलीकडचे भांडण

तिसऱ्या प्रसंगात परवान्याचा प्रश्नच नव्हता; म्हणूनच तो मला अधिक बोलका वाटतो. जेमी झविन्स्की हे नेटस्केपच्या पहिल्या फळीतील प्रोग्रॅमर आणि मोझिलाच्या संस्थापकांपैकी एक. संगणक रिकामा असताना पडद्याला कुलूप घालून त्यावर गमतीची चित्रे फिरवणारी ‘एक्सस्क्रीनसेव्हर’ ही आज्ञावली ते १९९२ पासून सांभाळीत आहेत. तिचा परवाना अगदी सैल : काहीही बदला, कोणालाही द्या.

डेबियनच्या स्थिर आवृत्तीतील त्यांची प्रत जुनी असे. कधीच दुरुस्त केलेल्या दोषांच्या तक्रारी लोक त्यांना पाठवीत. कंटाळून त्यांनी आज्ञावलीतच एक सोय केली : प्रत फार जुनी झाली की पडद्यावर आपोआप सूचना दिसावी, ‘ही आवृत्ती जुनी आहे, नवी घ्या.’ २०१६ मध्ये या सूचनेविषयी डेबियनकडे तक्रार आली आणि ती काढून टाकावी असा विचार निघाला. तेव्हा झविन्स्कींनी कळवले की सूचना काढणार असाल, तर माझी आज्ञावलीच तुमच्या वितरणातून काढा.

कायद्याने पाहिले तर डेबियनला सूचना काढण्याचा पूर्ण अधिकार होता. तो झविन्स्कींनीच आपल्या हाताने दिला होता. मग त्यांचे म्हणणे काय होते? ते हक्क मागत नव्हते, सौजन्य मागत होते. माझे नाव लावून माझी शिळी प्रत वाढता, आणि ती शिळी आहे हे सांगणारी चिठ्ठीही फाडता, हे बरे नव्हे, असा त्यांचा भाव होता. आज्ञावली डेबियनमध्ये राहिली. पण परवान्यात जे लिहिता येत नाही तेही काही असते, ही गोष्ट या वादाने उघड केली.

लेखकांची ही भीती पोकळ नाही, हे सांगणारे एक उदाहरण इतिहासात आहे. ‘ओपनएसएसएल’ ही गुप्त किल्ल्या तयार करणारी आज्ञावली. २००६ मध्ये डेबियनमध्ये ती सांभाळणाऱ्याने, दोष शोधणाऱ्या एका साधनाची कुरकुर थांबावी म्हणून तिच्यातील दोन ओळी बाद केल्या. त्याने मूळ लेखकांच्या मंडळीत विचारलेही होते आणि कोणी जोराने ‘नको’ म्हटले नव्हते. पण त्या ओळींबरोबर किल्लीतील अनिश्चितताच निघून गेली. प्रत्येक प्रकारच्या किल्लीला फार तर ३२,७६८ पर्याय उरले. चोराला एकेक लावून पाहण्याइतके थोडे! ही गोष्ट १३ मे २००८ रोजी जाहीर झाली आणि डेबियनवर व त्यापासून निघालेल्या वितरणांवर मधल्या काळात तयार केलेल्या किल्ल्या जगभर बदलाव्या लागल्या. यात दुष्ट कोणीच नव्हते. एकाने अपुरे विचारले, दुसऱ्यांनी वरवर उत्तर दिले.

तात्पर्य

या साऱ्या हकीगती शेजारी ठेवल्या म्हणजे लक्षात येते की ‘हक्क कोणाचा’ हा प्रश्न एक नसून तीन प्रश्नांची गाठ आहे. संहिता उतरवण्याचा आणि बदलण्याचा हक्क, हा पहिला. तो परवाना ठरवतो. नाव लावण्याचा हक्क, हा दुसरा. तो व्यापारचिन्ह ठरवते. आणि लेखकाची अब्रू व सांभाळणाऱ्याचे कष्ट यांची बूज राखणे, हा तिसरा. तो कोणताच कायदा ठरवीत नाही. पहिल्या दोहोंचे भांडण कागदावर मिटू शकते. फायरफॉक्सचे तसे मिटले. तिसऱ्याचे भांडण माणसांनी एकमेकांशी बोलूनच मिटवावे लागते.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. या वादात पैशासाठी भांडणारा जवळजवळ कोणी नाही. लेखक फुकट देतो, सांभाळणारा फुकट राबतो. आपल्याला वाटेल की जेथे पैसा नाही तेथे भांडण कशाला? पण गावच्या उत्सवात वर्गणी जमवणारे आणि मंडप घालणारे यांचे खटके ज्याने पाहिले असतील, त्याला नवल वाटणार नाही. पगार घेणारा माणूस संध्याकाळी काम खाली ठेवून घरी जातो. फुकट काम करणाऱ्याच्या पदरी मान तेवढा पडतो, आणि तोही गेला की त्याच्याजवळ काहीच उरत नाही.

एकनाथांनी पाठ शुद्ध केला तेव्हा ज्ञानेश्वरांना जाऊन तीन शतके होत आली होती. विचारायला मूळ कर्ता नव्हता. आजच्या लिपिकारांचे भाग्य असे की त्यांचा ज्ञानोबा बहुधा जिवंत असतो आणि एका पत्राच्या अंतरावर असतो. ओळ गाळण्यापूर्वी त्याला नीट विचारावे, आणि विचारणारा आला तर त्यानेही नीट उत्तर द्यावे, एवढे जरी झाले तरी बरीच नावे बदलावी लागणार नाहीत. माझ्या त्या परिचितांचा जुना संगणक आता गेला. नव्यावर पुन्हा तोच कोल्हा पृथ्वीला वेढून बसला आहे. मी मुद्दाम पाहून आलो.